कण्यावरची शिवण

थोरल्या नातीने गेल्या महिन्यात स्कॉटलंडहून मोबाईलवर एक फोटो पाठवला. कुठल्याशा जुन्या राजाच्या तबेल्यातल्या सामानाची यादी होती. घोड्यांच्या पांघरुणांना तिथल्या जुन्या बोलीत किती शब्द होते, ते तिने लाल रेघा मारून दाखवलं होतं. मिरवणुकीचं वेगळं, थंडीचं वेगळं, भाला लागू नये म्हणून घालायचं वेगळं, नुसतं खोगिरावर टाकायचं आणखी वेगळं. खाली विचारलं होतं, "आजी, तुझे वडील हेच काम करायचे ना? आपल्याकडे काय म्हणायचे?" धाकट्या दोघांना तर पणजोबा काय करत होते हेच ठाऊक नाही. म्हणून तिघांसाठी मिळून लिहिते. तीन दिवस लागले. आता एका बैठकीत फार होत नाही.

आधी विचारलेलं सांगते. थंडीवाऱ्यात घोडा उभा असताना त्याच्या अंगावर टाकायची ती झूल. लग्नात मिरवायची तीही झूलच, पण मखमलीची, झालरीची. खोगिरावर घालायचा तो गाशा. लढाईतल्या घोड्याला घालायची ती पाखर. पाखर आमच्या घरात कुणी केलेली मी पाहिली नाही. आबांच्या आजोबांच्या वेळचा लोखंडी कड्यांचा एक तुकडा फळीवर पडून होता, तो पुढे मोडीत गेला. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही जिनगर. नगरला माळीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढं आमचं घर. टांगेवाले, पाटील, लष्कराच्या कॅम्पातले साहेब, सगळ्यांच्या घोड्यांचं सामान त्या दुकानात व्हायचं.

मी इंग्रजी शिकले ती टांग्यामुळे. मिशनच्या मुलींच्या शाळेतल्या एका मडमेच्या टांग्याचे पट्टे आबा दुरुस्त करायचे. ती एकदा दुकानात आली तेव्हा मी पायरीवर बसून कातड्याच्या तुकड्यावर खिळ्याने अक्षरं कोरत होते. हिला शाळेत पाठवाल का, असं तिने आबांना विचारलं, आणि आबा हो म्हणाले. आईला ते पटलं नव्हतं. पण आईला न पटलेल्या बऱ्याच गोष्टी आमच्या घरात होत असत, आणि त्या झाल्यावर त्या निभावायचं काम आईकडेच येई.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली आणि भिंगारच्या कॅम्पातून झुलींचं काम येऊ लागलं. नाव झूल, पण त्यात बघण्यासारखं काही नाही. बाहेरून जाडं तागाचं कापड, आतून कांबळं. नमुन्याची एक झूल ठेकेदाराने खुंटीला लावून दिली होती. तशीच्या तशी करायची. तागाच्या कापडाचा पन्हा अपुरा, म्हणून दोन पट्ट्या मधोमध जोडायच्या. घोड्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत एक सरळ, दुहेरी, उभी शिवण. ती झाली की चारही बाजू दुमडायच्या आणि पट्टे लावायचे. पलटणीची घोडी रात्री रांगेत बांधलेली असत, त्यांना थंडी वाजू नये एवढाच तिचा उपयोग. झूल अंगावर असताना त्यांच्या पाठीवर कुणी बसत नसे. त्यामुळे शिवण कुठे आली याने काही बिघडत नव्हतं.

दोन वर्षं आम्ही त्याच शिवल्या. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं, हात धुवायचे आणि दाभण घ्यायचं. आई दोऱ्याला मेण लावून द्यायची. कांबळ्याची लव नाकातोंडात जायची, भाकरीतसुद्धा लागायची. मेणाच्या दोऱ्याने करंगळीच्या मुळाशी चिरा पडायच्या, आणि त्या भरायच्या आत दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच दोरा ओढायचा. मला त्या दोन वर्षांतलं फारसं काही आठवत नाही. मधली शिवण मात्र आठवते. डोळे मिटले तरी हात तीच शिवण घालत राहायचे.

आबांचे डोळे त्याच वर्षांत गेले. एका दिवसात नव्हे, हळूहळू. आधी ते दोरा ओवायला मला हाक मारू लागले. "हल्ली सुयांची नाकंच बारीक काढत्यात. लढाईचा माल," म्हणायचे. मग कातडं कापताना रेघ मला मारायला सांगू लागले. मग रेघेवरून कापायलाही. दुकानात कुणी आलं की तो बोलेपर्यंत आबा खाली मान घालून काहीतरी चाचपत राहायचे, आणि आवाज ओळखला की असे वर बघायचे जणू आत्ताच लक्ष गेलं. आईला आणि मला सक्त ताकीद होती की हे बाहेर बोलायचं नाही. त्यांची भीती एकच होती. जिनगराला दिसत नाही असं एकदा रस्त्यावर झालं की आपल्या घोड्याची पाठ त्याच्या हातात कुणी देणार नाही. आबांचं नाव कलाकुसरीवर नव्हतं. त्यांच्या सामानाने घोड्याची पाठ लागत नाही, यावर होतं. पाठ लागणे म्हणजे खोगिराने किंवा झुलीने घासून कातडी सोलवटणे. पाठ लागलेलं जनावर महिना-दोन महिने उभं राहतं, आणि ते उभं राहिलं की त्याच्या मालकाचं घर बसतं.

लढाई संपली आणि कॅम्पाचं काम एकदम थांबलं. त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मार्चमध्ये माझी मॅट्रिकची परीक्षा होती.

एक चाचा होते. लग्नाला घोडी द्यायचा त्यांचा धंदा. मुकुंदनगरच्या बाजूला घर, दारात एकच घोडी. पलटणीतून काढून टाकलेली. खुरावर डागलेला नंबर अजून वाचता येत होता. चाचांनी ती लिलावात घेतली होती. रंग पांढरा म्हणायचा, पण अंगभर बारीक तपकिरी ठिपके. हिंदूंची लग्नं, मुसलमानांची लग्नं, सगळीकडे तीच जायची. चाचा तिला बेगम म्हणायचे. दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडायचे, "उस्ताद, आमच्या बेगमचा शालू कधी काढताय?"

"नवऱ्या मुलाला काय घालणार ते आधी सांगा, मग बेगमचं बघू," आबा म्हणायचे.

"नवऱ्याला कोण बघतंय? लोक घोडी बघत्यात. नवरा काय, उद्यापासनं रोजचाच हाय."

आई आतून हसायची. चाचा आले की आई चहात साखर जास्त घालायची.

जुनी झूल पार विटली होती. फाल्गुनात तिसगावला एका मोठ्या घरचं लग्न धरलं होतं, त्याला नवी हवी होती. लाल मखमल, कलाबतूची म्हणजे जरीच्या तारेची वेलबुट्टी, खाली पिवळी झालर, कोपऱ्यांना गोंडे. बसायच्या जागी आतून गादी. लग्नाच्या झुलीवर आम्ही वेगळं खोगीर देत नसू. गादी झुलीतच शिवलेली असे, म्हणजे वरून मखमल अखंड दिसते.

माप घ्यायला चाचा घोडी दुकानासमोर घेऊन आले. आबा उठून बाहेर गेले. मापाचा दोर मी धरला, गाठी मी मारल्या, पण पाठ आबांनी बघितली. त्यांची रीतच होती. दोर लावायच्या आधी तळवा घोडीच्या मानेवर ठेवायचा आणि तिथून शेपटीपर्यंत सावकाश न्यायचा. मग दोन्ही बाजूंनी. कुठे हाड वर आहे, कुठे मांस कमी आहे, कुठे जुना वण आहे. घोडी त्यांच्या कोपराला नाक लावून उभी होती.

"पलटणीनं वापरून घेतलीय," आबा म्हणाले. "कणा वर आलाय. हिला मधी काही टोचून चालायचं न्हाई."

घरात आल्यावर मला त्यांनी पुन्हा सांगितलं. गादीचे दोन भाग करायचे, उजवा आणि डावा. मध्ये चार बोटं जागा मोकळी सोडायची. अस्तराची जोड मध्ये घ्यायची नाही, दोन्ही बगलांना घ्यायची. कण्यावर शिवण येऊ द्यायची नाही. हे मी लहानपणापासून ऐकत होते. तरी मान डोलावली, आणि त्यांना मान डोलावलेली दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाले.

आबांचे हात टाके घालू शकत होते, पण कलाबतूचं काम त्यांना आता जमत नव्हतं. ते सगळं माझ्यावर आलं. पहाटे अभ्यास, मग शाळा, दुपारपासून झूल. पुस्तक समोर उघडं ठेवून मी टाके घालायची आणि इंग्रजी कविता पाठ करायची. आई म्हणायची, "बघ बाई, तुझ्या इंग्रजीनं टाका तरी सरळ पडतोय का." आबा म्हणायचे, "तिला बोलू नको. माझं डोळं हायेत ते." दमले होते मी. नुसती झोप कमी होती असं नव्हे. बसल्या जागी आपलं अंग दुसऱ्याचं आहे असं वाटायचं.

अस्तर जोडलं त्या दिवशी मी काय वाचत होते ते आठवत नाही. हातांनी त्यांना सवयीचं होतं ते केलं. दोन पट्ट्या मधोमध ठेवल्या आणि मानेकडून शेपटीकडे सरळ, दुहेरी, मेणाच्या दोऱ्याची शिवण घातली. पलटणीच्या झुलीची शिवण. वर गादी आली, मखमल आली, वेलबुट्टी पुरी झाली, झालर लागली. गोंडे लावताना झूल उलटी केली तेव्हा मला ती दिसली. घोडीच्या बरोबर कण्यावर, करंगळीएवढी जाड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

उसवायची तर गादी काढावी लागणार. गादी काढायची तर मखमल सोडवावी लागणार. दोन दिवस, कदाचित तीन. चाचा दुसऱ्या दिवशी झूल न्यायला येणार होते. तिसगावपर्यंत घोडी चालत न्यायची म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीच निघायला हवं. सांगितलं असतं तर चाचा जुनी झूल घेऊन गेले असते. विटलेली, पण तिने कधी पाठ लागली नव्हती. एवढं साधं होतं. मी ती तशीच उलटी धरून बसले, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की आता हिला पुन्हा हात लावायचा नाही.

मी झूल सरळ केली आणि आबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मखमलीवरून हात फिरवला. वेल बोटांनी वाचली. गोंडे मोजले. मग विचारलं, "शिवण कुठनं घेतलीस?"

"बगलेनं. तुम्ही सांगितलीत तशी."

त्यांनी हात आत घातला नाही. मी सांगितलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी चाचांनी झूल घोडीवर टाकून बघितली आणि दुकानासमोर माणसं जमली. "आता हिच्यावर कुणीबी बसवा, राजाच दिसंल," चाचा म्हणाले. रस्त्यावरची माणसं आबांना शाबासकी देत होती आणि आबा बोलणाऱ्याच्या दिशेने हसत होते. मी आत जाऊन भूगोलाचं पुस्तक काढलं.

चार दिवसांनी सकाळी चाचा परत आले. घोडीचा लगाम एका हातात, झूल घडी करून स्वतःच्या खांद्यावर. घोडीच्या पाठीवर हळद लावलेलं फडकं होतं. त्यांनी हाक मारली नाही म्हणून आबांना कळलं नाही कोण आलं ते. चाचांनी पायरी चढून त्यांचा हात धरला.

"उस्ताद, जरा बाहेर या."

फडकं बाजूला करून त्यांनी आबांचा तळवा घोडीच्या पाठीवर ठेवला. तळवा मानेकडून मागे गेला आणि थांबला. घोडीने कातडी थरथरवली. आबांनी हात उचलला, बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला.

"किती लांब हाय?"

"वीतभर. दीड वीत म्हणा. नवरा जाडजूड हुता, आन् वरात दोन वेळा गावाला फिरवली त्यांनी. येताना मी हिच्यावर काहीच टाकलं न्हाई. झूल मी खांद्यावर आणली."

शेजारचा तांबट काम थांबवून बघत होता. मग आबा मोठ्याने म्हणाले, "माझी चूक हाय. मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली, दिसत न्हाई मला." ज्या गोष्टीसाठी आम्ही घरभर कुजबुजत राहिलो होतो ती त्यांनी भर रस्त्यात सांगून टाकली.

चाचा म्हणाले, "ते मला ठावं हाय, उस्ताद. सगळ्यांना ठावं हाय. डोळं बघून कुणी तुमच्याकडं येत न्हाई. हात बघून येत्यात."

तेव्हा आबांनी झूल मागितली. चाचांनी खांद्यावरून उतरवून दिली. आबांनी ती मांडीवर घेतली नाही, उभ्याउभ्याच उलटी केली आणि अस्तरावर हात ठेवला. अंगठा शिवणीवर लागला. तो त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मग मी दारात उभी होते तिकडे मान वळवली. मी कुठे उभी आहे हे त्यांना बरोबर कळत असे.

मी म्हणाले, "मधली शिवण मी घेतली, आबा. चुकून घेतली. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं."

चाचा म्हणाले, "जाऊ द्या उस्ताद, पोर हाय."

"पोर न्हाई," आबा म्हणाले. "ह्या दुकानात बसती ती."

एवढंच. त्यांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. आई आतून आली, सगळ्यांकडे बघितलं, आणि चहा ठेवायला परत गेली. चाचांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. रागाने नव्हे, घोडीला उन्हात उभं करायचं नव्हतं म्हणून.

लग्नसराईच्या ऐन दिवसांत घोडी सव्वा महिना उभी राहिली. चाचा ठरलेल्या घरांना एकेक करून सांगून आले. एका नवऱ्याची वरात टांग्यातून निघाली, एकाची चालत. मी रोज सकाळी त्यांच्या घरी जायची, कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुवायची, हळद-तेल लावायची आणि तिथून शाळेत. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस घोडी मला बघून मागे सरायची. मग सरायची थांबली. परीक्षेच्या दिवशीही मी गेले, तेव्हा चाचा गोठ्याच्या दारात दातून करत होते. म्हणाले, "मॅट्रिकचा पहिला पेपर तर बेगमनंच घेतला की तुझा. पास केलं का न्हाई?" मला हसता आलं नाही. त्यांच्या घरच्यांनी बाजरीची भाकरी आणि गुळाचा खडा माझ्या हातात दिला, ते मी वाटेत खाल्लं.

परीक्षा पास झाले. कितव्या नंबराने ते आता सांगण्यात अर्थ नाही.

लाल झूल मी उसवली. गादी काढली, अस्तर काढलं, जोड बगलांना घेऊन नवं लावलं. तीन दिवस लागले, मला वाटलं होतं तेवढेच. चाचांनी ती नेली आणि पुढे कितीतरी वर्षं वापरली. रस्त्यावर गिऱ्हाईक कमी झालं नाही. आबांची भीती खरी ठरली नाही, हे मला सांगायला हवं. लोक येत राहिले. उलट आता ते पायरीवरूनच आपलं नाव सांगायचे, म्हणजे आबांना अंदाज घेत बसावं लागू नये.

वैशाखात राहुरीकडच्या एका पाटलाची झूल आली. साधीच होती, निळ्या कापडाची. अस्तर जोडताना मी पुस्तक घेऊन बसले नाही. जोड बगलांना घेतली, दोनदा तपासली, गादीच्या मधली जागा चार बोटं घालून बघितली. काम संपल्यावर झूल आबांच्या मांडीवर ठेवली आणि ते विचारतील म्हणून थांबले.

त्यांनी विचारलं नाही. झूल उलटी केली आणि दोन्ही हात अस्तराच्या आत घातले.

"शिवण बगलेनं घेतलीय, आबा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि मानेच्या टोकापासून अंगठा ठेवून सावकाश, बोटबोटभर, शेपटीकडे नेऊ लागले. मी दाभण डबीत ठेवलं आणि त्यांचं होईपर्यंत समोर बसून राहिले. पुढे नोकरी लागून मी नगर सोडेपर्यंत प्रत्येक झुलीला ते असंच करत राहिले, आणि मी असंच बसत राहिले.